गाडीचे स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन : नवख्यांसाठी तपासणी व दुरुस्ती

गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड येऊ लागली की सर्वांत आधी संशय शॉक ॲब्सॉर्बरवर जातो. माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत मीही तेच केले. दोन्ही बाजूंचे शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवून घेतले आणि पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज पुन्हा ऐकू आला. दोष होता तो स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्याला) जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या लिंक रॉडमध्ये, आणि तो सापडायला दहा मिनिटेही लागली नसती. म्हणूनच या लेखात पान्यापेक्षा तपासणीवर अधिक भर आहे. ढिलेपणा नेमका कोणत्या सांध्यात आहे हे हाताला जाणवल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

येथे दिलेली माहिती मुख्यतः इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या, मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या मोटारींना लागू पडते, कारण लहान आणि मध्यम आकाराच्या बहुसंख्य मोटारींची रचना तशीच असते. जिथे रचना वेगळी असल्यामुळे कृती बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

आधी सांधे ओळखावेत

चाक ज्या हबवर बसते तो हब बेअरिंगच्या आधाराने नकलमध्ये फिरतो. नकल म्हणजे चाकामागचा ओतीव धातूचा जाड तुकडा. त्याच्या वरच्या टोकाला स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची एकत्र जुळणी, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘शॉकअप’ म्हणतात. खालच्या टोकाला बॉल जॉइंट आणि त्याला धरणारा लोअर आर्म असतो. लोअर आर्म आतल्या बाजूला रबरी बुशांमार्फत सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीला, जोडलेला असतो. स्टिअरिंगचा दांडा रॅकमधल्या पिनियनला (लहान दातेरी चाकाला) फिरवतो, रॅक (दातेरी पट्टी) डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड नकलच्या दांडीला ढकलतात किंवा ओढतात. टाय रॉडला दोन सांधे असतात. आतला रॅक एंड बेलोखाली, म्हणजे चुण्या असलेल्या रबरी आवरणाखाली, झाकलेला असतो, तर बाहेरचा टाय रॉड एंड नकलवर उघडा दिसतो.

म्हणजे एका बाजूला मोजून आठ जागा झाल्या : बॉल जॉइंट, आर्मचे दोन बुश, टाय रॉडचे दोन सांधे, लिंक रॉड, स्ट्रटचे वरचे माउंट आणि चाकाचे बेअरिंग. पुढच्या बाजूच्या जवळजवळ सर्व तक्रारींचे मूळ यांपैकीच एखाद्या जागी असते, किंवा मग टायरमध्ये.

गाडी उचलण्याची तयारी

जॅक, दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, सॉकेट पान्यांचा संच, टॉर्क पाना, लांब टॉमी किंवा लहान पहार, बॉल जॉइंट सेपरेटर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, हातातली बॅटरी (टॉर्च), चष्मा आणि हातमोजे एवढे साहित्य पुरते. गाडीच्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका मात्र अवश्य जवळ ठेवावी, कारण प्रत्येक नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, वेगळा असतो आणि तो अंदाजाने ठरवता येत नाही.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि पुढच्या चाकांचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून ठेवावेत. मगच पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी आणि तिचा भार जॅक स्टँडवर सोडावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग, अगदी हातसुद्धा, तिच्याखाली जाता कामा नये. हायड्रॉलिक जॅकचे सील कोणतीही पूर्वसूचना न देता सुटू शकते. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. काही बिघडलेच तर गाडी त्याच्यावर टेकते.

जमिनीवर असतानाच जे कळते ते

टायरची झीज सर्वांत आधी पाहावी. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहिली आहे, आणि मध्यच झिजला असेल तर ती जास्त भरली गेली आहे. यात सस्पेन्शनचा दोष नसतो. केवळ आतली किंवा केवळ बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेरचा कल) किंवा टो (चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडला आहे असे समजावे. ट्रेडवर थोड्याथोड्या अंतराने खोलगट चकत्या पडल्या असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारत आहे, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर निकामी होत आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे.

मग बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन-तीनदा जोर देऊन सोडावे. कोपरा वर येऊन स्थिरावला तर ठीक, दोन-तीन हेलकावे घेत राहिला तर शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे. ही चाचणी ढोबळ आहे. गॅसने भरलेला शॉक ॲब्सॉर्बर बराच कमजोर झाल्यावरही तीत उत्तीर्ण होऊ शकतो, म्हणून त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का तेही पाहावे. नुसता ओलसर धुळकट थर चालतो. खालपर्यंत वाहत आलेले ताजे तेल चालत नाही.

चालवताना जाणवणाऱ्या लक्षणांचीही इथेच विभागणी करावी. साधारण ८० ते १०० किमी वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल आणि त्याखाली शांत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करावे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेक डिस्क तपासावी. चाके पूर्ण वळवून गाडी चालवताना लयीत ‘टक टक’ वाजत असेल तर ते ॲक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचे (वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे) काम आहे. ही तीनही लक्षणे ‘सस्पेन्शनचा आवाज’ म्हणून सर्रास सांगितली जातात आणि त्यापायी चांगले भाग बदलले जातात.

ढिलेपणा शोधणे

एका बाजूचे चाक अधांतरी आले की चाक घड्याळासारखे समोर धरून दोन प्रकारे हलवावे. आधी तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हात ठेवून डावा-उजवा झटका द्यावा. ‘कट’ असा बारीक धक्का जाणवला तर टाय रॉडच्या एखाद्या सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. कोणत्या, ते कळण्यासाठी मदतनिसाला चाक हलवत ठेवायला सांगून आपण एक हात टाय रॉड एंडवर ठेवावा. सांध्याच्या दोन्ही भागांवर बोट टेकवले की त्यांच्यातली वेगवेगळी हालचाल डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळते. बाहेरचा सांधा घट्ट असेल तर बेलो चिमटीत दाबून आतला रॅक एंड चाचपावा.

नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून वर-खाली हलवावे. इथे प्ले आढळला तर तो बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा, आणि नवखा माणूस हमखास फसतो तो याच ठिकाणी. उपाय सोपा आहे. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमार्फत नकलला जखडली जाते, त्यामुळे बेअरिंगमधला प्ले नाहीसा होतो. ब्रेक दाबूनही धक्का तसाच राहिला तर तो नकलच्या पलीकडचा, म्हणजे बॉल जॉइंटचा आहे.

बॉल जॉइंट तपासताना भार कुठून वाहतो याचा विचार करावा लागतो. मॅकफर्सन रचनेत गाडीचे वजन स्प्रिंगमधून स्ट्रटवर आणि तिथून नकलवर येते. खालचा बॉल जॉइंट केवळ चाकाला जागेवर धरतो. त्यामुळे चाक मोकळे लटकत असतानाच तो तपासता येतो आणि लोअर आर्म व नकल यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचकले की प्ले दिसतो. याउलट, ज्या गाड्यांना वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, तिथे खालचा बॉल जॉइंट भारवाही असतो. चाक लटकत ठेवले तर स्प्रिंगच तो ताणून धरते आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावून मगच चाक हलवावे.

लिंक रॉडचे गणित आणखी निराळे. एकच चाक उचलले की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो आणि लिंक रॉड ताणला जाऊन गप्प राहतो. म्हणून तो दोन्ही चाके जमिनीवर असताना किंवा दोन्ही सारख्या उंचीवर लटकत असताना हाताने धरून जोरात हलवावा. लहानसहान खड्ड्यांवरून सावकाश जाताना येणारी कोरडी खडखड बहुधा त्याचीच असते.

बुश तपासताना पहारीने आर्म थोडा ढकलून रबराकडे पाहावे. वरवरच्या बारीक भेगा वयोमानाने येतातच. रबर धातूपासून सुटलेले असेल, भेग आरपार गेली असेल किंवा बुशमधून काळपट तेल गळत असेल तर मात्र बुश बदलावा. काही बुशांमध्ये मुळातच तेल भरलेले असते. करकर नेमक्या कोणत्या रबराची आहे ते शोधण्यासाठी एकेका बुशवर साधे पाणी फवारून गाडी दाबून पाहावी. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तो अपराधी.

राहिले स्ट्रटचे वरचे माउंट. गाडी उभी असताना मदतनिसाला स्टिअरिंग फिरवायला लावून स्प्रिंगवर हात ठेवावा. स्प्रिंग सलग न फिरता अडखळत, ‘टण्ण’ करून उडी मारत असेल तर माउंटचे बेअरिंग जाम झाले आहे.

रबरी बूट आणि ग्रीस

सांधा स्वतःहून क्वचितच झिजतो. आधी त्याचा रबरी बूट फाटतो, मग ग्रीस बाहेर येते आणि पाणी व धूळ आत जाते. हीच गोष्ट रॅकच्या बेलोची. म्हणून गाडी कधीही वर उचललेली असली तरी प्रत्येक बूट बोटांनी वळवून, त्याच्या घड्या उघडून पाहावा. बूट नुकताच फाटला असून सांध्यात प्ले नसेल तर सुटा बूट बसवून काम भागते, पण आत वाळू शिरली असेल तर ती घालवता येत नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीचा बेलो दाबल्यावर आत तेल खळखळत असेल तर रॅकचे सील गेले आहे, आणि नुसता बेलो बदलून त्यावर पांघरूण घालू नये.

आजच्या बहुतेक मोटारींचे सांधे बंद असतात आणि त्यांना ग्रीस भरायची सोय नसते. जुन्या आणि जड गाड्यांना ग्रीस निपल असतात. तिथे निपल आधी कापडाने पुसावी, नाही तर त्यावरची माती ग्रीसबरोबर आतच जाते. ग्रीस पुस्तिकेत सांगितले आहे तेच वापरावे. साधारणतः ते लिथियम वर्गातले, दोन क्रमांकाच्या घट्टपणाचे असते. जुने काळे ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत गन सावकाश दाबावी. बूट फुग्यासारखा फुगला तर हात थांबवावा.

पॉवर स्टिअरिंगचे तेल

हायड्रॉलिक पद्धतीत टाकीवरच्या खुणांनुसार पातळी पाहावी आणि तेलाचा प्रकार झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलाच वापरावा. तेलात फेस दिसणे आणि वळताना पंप घुमणे ही हवा शिरल्याची चिन्हे आहेत. पुढची दोन्ही चाके अधांतरी ठेवून, आधी इंजिन बंद असताना आणि मग चालू असताना, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिले की हवा टाकीतून बाहेर पडते. मध्ये मध्ये पातळी भरत जावी. स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नये, कारण त्या स्थितीत पंपावर कमाल दाब येतो आणि तेल झपाट्याने तापते. विजेच्या मोटरने चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगला तेलच नसते. स्टिअरिंग व्हील आणि त्यामागची एअरबॅगची जुळणी नवख्याने कोणत्याही कारणाने उघडू नये.

टाय रॉड एंड बदलणे

स्वतः करून पाहण्यासारखे पहिले मोठे काम हेच, कारण यात स्प्रिंगचा धोका नसतो आणि लागणारी अवजारेही थोडी असतात. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर निम्मी झटापट वाचते.

चाक काढल्यावर आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. टाय रॉडवरचा लॉक नट जुन्या एंडला भिडलेला असतो. तो जेमतेम पाव फेरा ढिला करावा आणि त्या जागी रंगाची खूण करावी. एंडच्या खुंटीच्या मध्यापासून लॉक नटापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. आता नकलवरच्या नटाची स्प्लिट पिन काढावी, नट सोडवावा, पण पूर्ण काढू नये. दोन-तीन आटे राहू द्यावेत, म्हणजे सांधा सुटताना उडून हातावर येत नाही. खुंटी निमुळती असून नकलच्या डोळ्यात रुतून बसलेली असते. ती सेपरेटरने दाबून सोडवावी. सेपरेटर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोडीचे नेमके दोन-तीन घाव घालावेत. धातू क्षणभर थरारतो आणि निमुळती खुंटी सुटते. खुंटीच्या आट्यांवर मात्र कधीही मारू नये.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजावेत, आणि अर्धा फेराही सोडू नये. नवा तितकेच फेरे आत घालावा आणि आधी मोजलेल्या अंतराशी ताडून पाहावा, कारण वेगळ्या बनावटीचा एंड किंचित लांब-आखूड असू शकतो. दीड मिमी पिचच्या आट्यांवर एक फेरा चुकला तर एंड दीड मिमी सरकतो, आणि नकलची दांडी चाकाच्या त्रिज्येपेक्षा आखूड असल्यामुळे रिमच्या कडेला तो फरक आणखी वाढून दिसतो. टो काही मिलिमीटरांच्या आतच ठेवायचा असतो, हे लक्षात घेतले की फेरे मोजण्याचा आग्रह का ते कळते.

नट आवळताना खुंटीच नटाबरोबर फिरू लागली तर एंडखाली जॅक लावून तिला हलकेच वर दाबावे. निमुळता भाग बसला की ती थांबते. खाचांचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर खाच आणि पिनचे भोक जुळले नाही, तर ते जुळेपर्यंत नट थोडा पुढेच आवळावा, मागे सोडू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. नायलॉनचे कडे असलेला नटही एकदाच वापरायचा असतो. शेवटी टाय रॉड पान्याने धरून लॉक नट आवळावा आणि बेलोला पीळ पडलेला नाही ना ते पाहावे.

लोअर आर्म आणि बुश

अनेक गाड्यांत बॉल जॉइंटच्या खुंटीला खाच असते आणि नकलमधला आडवा बोल्ट तीतून जातो. हा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, तो पूर्ण काढावा लागतो. फट पाचरीने किंचित उघडून आर्म खाली दाबला की खुंटी बाहेर येते. या वेळी नकल बाहेर ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाही तर ॲक्सलचा आतला जॉइंट आपल्या कपातून निसटतो. ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या तारेवरही ताण येऊ देऊ नये.

नवा आर्म बसवताना होणारी सर्वांत मोठी चूक डोळ्यांना दिसत नाही. बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटवलेले असते, त्यामुळे बोल्ट आवळला की आतली नळी जखडते आणि आर्म वर-खाली होताना सर्व हालचाल रबराच्या पिळातून होते. चाक लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, मग बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावून, गाडी स्टँडवरून उचलू लागण्याच्या बेतात येईपर्यंत तो वर घ्यावा, आणि त्या उंचीला अखेरचा टॉर्क द्यावा. नवे बुश काही महिन्यांत गेले की दोष मालाला दिला जातो, पण माझ्या मते त्यांतले कितीतरी आवळण्याच्या चुकीचे बळी असतात.

जिथे हात लावू नये

स्ट्रटच्या वर, बॉनेट उघडल्यावर दिसणारा मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला रोखून धरत असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय तो सोडवला तर स्प्रिंग प्राणघातक जोराने उसळते. ज्याला हे काम कुणाच्या हाताखाली शिकता आलेले नाही, त्याने स्ट्रट अखंड काढून स्प्रिंग बदलण्याचे काम कार्यशाळेकडे द्यावे. शॉक ॲब्सॉर्बर मात्र नेहमी जोडीने बदलावेत. स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट सोडवण्याआधी त्यांच्या जागेवर खुणा कराव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत कॅम्बर तिथेच बदलतो.

अलाइनमेंट

टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट यांपैकी काहीही सुटले की अलाइनमेंट (चाकांचे कोन यंत्रावर मोजून जुळवणे) करावीच लागते, पण ती सर्वांत शेवटी. सांध्यात प्ले असताना केलेली अलाइनमेंट यंत्रावरून उतरताच बिघडते. जाण्याआधी चारही टायरांतली हवा नेमकी करावी, आणि मोजणीचा कागद आधीच्या व नंतरच्या आकड्यांसह मागून घ्यावा. विजेवरच्या स्टिअरिंगमध्ये अनेकदा कोनाच्या सेन्सरचे शून्यही नव्याने ठरवावे लागते. आकडे बरोबर असूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढचे टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ बाजू बदलते तेव्हा दोष टायरचा असतो. ठरावीक दिशेने फिरणाऱ्या टायरांवर हा प्रयोग करू नये.

चाकांचे नट तारकेच्या क्रमाने, चाक जमिनीला टेकल्यावर ठरलेल्या टॉर्कला आवळावेत आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत. त्याच वेळी लॉक नटावरची रंगाची खूण सरकलेली नाही ना, तेही पाहून घ्यावे. सुमारे १,००० किमी झाल्यावर पुढच्या टायरांच्या ट्रेडवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागत असतील तर टो अजून चुकलेला आहे, आणि तोच मोजणीचा कागद घेऊन अलाइनमेंटला परत जावे.